दोन डावे हात

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. आमचे हाल झाले ते खुर्चीपायी.

तिला पुन्हा चालायला शिकवणाऱ्या बाईंनी मला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. "घरी उंच बैठकीची खुर्ची आणून ठेवा. दोन्ही बाजूंना भक्कम हात हवेत. दोन्हींवर सारखा जोर दिला तरच त्या आपल्या आपण उठू शकतील. आणि सोफा-बिफा अजिबात नको." बाईंनी आमचा सोफा पाहिला नव्हता, पण त्यांना तो बरोबर माहीत होता. त्यात धडधाकट माणूस बसला तरी त्याला बाहेर काढायला दुसरा लागतो.

आईने एकाच गोष्टीची धास्ती घेतली होती. बसायला ती बसायची, पण उठायची वेळ आली की नर्सचा दंड असा धरायची, की त्या बिचारीच्या हातावर बोटं उमटायची. "इथे ही आहे. घरी मला कोण उठवणार? तू ऑफिसात, आणि ह्यांची पाठ ही अशी," हे तिचं रोजचं. एकदा तर म्हणाली, "मला आपलं इथेच राहू द्या." उभ्या जन्मात जिने कुणाला साधी पिशवी धरायला सांगितली नाही, तिच्या तोंडून हे! खुर्ची आणायचीच, आणि ती घरी यायच्या आत आणायची, असं मी ठरवलं.

"दुकानात जा, बसून बघ, मग घे," असंही तिने बजावलं होतं. ते मी ऐकलं नाही. दुकानं उघडी असतात तेव्हा मी ऑफिसात असते, आणि मी सुटते तेव्हा दुकानदार कुलूप लावत असतो. फोन मात्र सदैव उघडा. त्यात एक करड्या रंगाची खुर्ची दिसली, 'ज्येष्ठांसाठी खास'. तिच्यात एक चंदेरी केसांची बाई बसून मनापासून हसत होती. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त दोन शिल्लक!' आणि त्याखाली, 'आत्ता चाळीस जण ही खुर्ची पाहत आहेत.' चाळीस जण आणि खुर्च्या दोन! मला घाम फुटला. आजही तिथे त्या दोनच शिल्लक आहेत.

अगदीच डोळे मिटून घेतली असं नाही, मी लोकांचे अभिप्राय वाचले. 'खुर्ची उत्तम. अजून खोका उघडलेला नाही.' 'वेळेवर आली, पाच तारे.' 'सासऱ्यांसाठी घेतली, ते काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली असावी.' एकाने एकच तारा देऊन लिहिलं होतं, 'मी भिंतीवरचं घड्याळ मागवलं होतं.' त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. पहिल्या खरेदीला सवलत होती, म्हणून बाबांच्या नावाने खातं उघडलं. खरेदी पक्की करताना पाहते तो टोपलीत मी न घातलेलं 'खुर्ची सुरक्षा कवच' येऊन बसलेलं. ते काढायला गेले तर फोनने विचारलं, 'नक्की काढायचं? आपल्या माणसांची काळजी नाही का तुम्हाला?' मी दात-ओठ खात ते काढलं.

आणि मग बाबा दारात बसले. अक्षरशः दारात. पार्सलवाल्याला बेल वाजवायची तसदी नको, म्हणून त्यांनी दार सताड उघडं टाकलं आणि उंबऱ्याशी स्टूल घेऊन वर्तमानपत्र वाचत बसले. दुपारी ऑफिसात मी साइट उघडून पाहिली तर तिथे संदेश होता, 'आम्ही आलो होतो. दार बंद होते.' मी बाबांना फोन केला. ते उठून दार नीट बघून आले आणि म्हणाले, "नाही गं, उघडंच आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच संदेश. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा एरवी कुणावर आवाज चढवत नाहीत, पण तेही पेपरची घडी आपटून म्हणाले, "असं धडधडीत खोटं?"

तिसऱ्या दिवशी मात्र खोका आला. आम्ही बापलेकीने जमिनीवर पसारा मांडून खुर्ची जोडायला घेतली. पाय बसले, पाठ बसली, डावा हात बसला. दुसरा हात काही केल्या बसेना. बाबांनी तो उलटा केला, सुलटा केला, शेवटी दोन्ही हात शेजारी ठेवले. दोन्ही डावे होते. तरीही मी हट्टाने एक हात उजवीकडे ठोकून बघितला. तो मागच्या बाजूला वळून राहिला, जणू खुर्चीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या कुणाला तो हात देत होता. आई पुढच्या आठवड्यात घरी यायची होती.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार विभागात काम करते. लोक तक्रारी करतात, आणि 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' असं मी त्यांना कळवते. हे वाक्य झोपेतून उठवलं तरी मी बिनचूक लिहीन. त्याचा अर्थ 'आता यापुढे काहीही होणार नाही' असा असतो, हे आमच्या विभागात नव्याने रुजू झालेल्यालाही पहिल्याच दिवशी समजतं. त्यामुळे तक्रार कशी करावी हे मला कोणी शिकवायला नको, असा माझा समज होता.

त्या साइटवर तक्रार ऐकायला माणूस नव्हता, एक गप्पांची खिडकी होती. तिचं नाव 'मैत्रीण'.

'नमस्कार! मी तुमची मैत्रीण. मी काय मदत करू?'

'खुर्चीचे दोन्ही हात डावे आले आहेत. एक उजवा पाठवा.'

'तुम्हाला खुर्ची घ्यायची आहे हे ऐकून आनंद झाला! या पाहा काही सुंदर खुर्च्या.'

बऱ्याच झटापटीनंतर मैत्रिणीने फोटो मागितले. डाव्या हाताचा एक, उजव्या हाताचा एक. मी दोन्ही हातांचे फोटो काढून पाठवले. तिचं उत्तर आलं, 'तुम्ही एकच फोटो दोनदा पाठवला आहे. कृपया उजव्या हाताचा फोटो पाठवा.' मी लिहिलं, 'उजवा हात नाही, हीच तर तक्रार आहे.' ती म्हणाली, 'उजव्या हाताच्या फोटोशिवाय उजव्या हाताची तक्रार नोंदवता येणार नाही.' मी फोन सोफ्यावर फेकला. तो आत गेला, आणि बाहेर काढायला पुन्हा बाबा लागले.

चार-पाच दिवस हेच. एकटा हात बदलून द्यायची सोयच नव्हती. दिली तर पूर्ण खुर्ची परत, तीही कारण सांगून. कारणं त्यांनीच लिहून ठेवलेली: रंग वेगळा, लहान झाली, मोठी झाली, विचार बदलला. 'तुम्ही दोन डावे पाठवलेत' हे कारण त्यांच्या मते जगात कोणाचं असूच शकत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी मी रागाच्या भरात 'परत करायची आहे' दाबलं, कारण म्हणून हाताला आलं ते 'विचार बदलला' दाबलं, आणि खालच्या चौकोनात जे तोंडाला येईल ते लिहिलं. उत्तर तत्काळ आलं: 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे.'

मी हसले. आमचंच वाक्य! काही होणार नाही हे मला कळलं, आणि मी ती विनंती डोक्यातून काढून टाकली.

या सगळ्या काळात बाबा वेगळ्याच कामाला लागले होते. खातं त्यांच्या नावावर, म्हणून साइटचे संदेश त्यांच्या फोनवर यायचे. त्यातले बहुतेक 'तुम्हाला या खुर्च्याही आवडतील' असे, जणू एकदा खुर्ची घेतलेला माणूस आयुष्यभर खुर्च्याच घेत राहणार. पण एक दिवस संदेश आला, 'एका ग्राहकाला तुमच्या मदतीची गरज आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्याल का?'

बाबा निवृत्त होईपर्यंत बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. खिडकीशी आलेला माणूस उत्तराशिवाय जायचा नाही, हा त्यांचा नियम. माहीत नसेल तर 'माहीत नाही' हे तरी त्याच्या तोंडाकडे बघून नीट सांगायचं. त्यांनी चष्मा पुसला, टेबलाशी खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "बघ, मला विचारलंय."

"बाबा, ते सगळ्यांना पाठवतात. कोणी उत्तर देत नाही."

"सगळ्यांना विचारलं म्हणून कोणीच द्यायचं नाही? मग तुझ्या ऑफिसात आणि इथे फरक काय राहिला?"

एका बाईंनी विचारलं होतं, ही खुर्ची लाल रंगात मिळते का. बाबांनी एका बोटाने टाइप केलं, 'नमस्कार. आमच्याकडे करडी आली. लाल मिळते की नाही मला माहीत नाही, क्षमा असावी. करडीला दोन्ही हात डावे आहेत. लालचं तसं असेल का, सांगता येत नाही.' कोणी विचारलं, कुत्र्याने कुरतडली तर कापड टिकतं का. बाबांनी लिहिलं, 'आमच्याकडे कुत्रा नाही. शेजाऱ्यांचा आहे, पण तो आमच्याकडे येत नाही.' चहा घेऊन झाला की रोज ते 'खिडकी उघडायचे', आणि जेवायच्या आधी बंद करायचे. मला त्यांचा संताप यायचा. आईला आणायला चार दिवस उरलेत, खुर्ची एका हाताची, आणि हे गृहस्थ परक्यांच्या कुत्र्यांची काळजी वाहतायत! मी तसं बोललेही. ते म्हणाले, "तू तुझ्या मैत्रिणीशी भांड. मी माझं काम करतो."

एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांनी ठेवून दिलं होतं. कोणीतरी विचारलं होतं, 'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर या खुर्चीतून एकट्याने उठता येतं का?' मी म्हटलं, "लिहा की, माहीत नाही." बाबांनी टाइप करायला बोट उचललं आणि मागे घेतलं. "हे मला 'माहीत नाही' असं लिहवत नाही गं," एवढंच म्हणाले, आणि फोन बाजूला ठेवला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते जवळजवळ ओरडत स्वयंपाकघरात आले. कधी नव्हे ते त्यांचा चष्मा कपाळावर होता. "वाच! वाच हे!" कोणीतरी विचारलं होतं, 'या खुर्चीचे दोन्ही हात उजवेच असतात का?'

"म्हणजे आपल्या खोक्यात दोन डावे गेले, आणि पुढच्या खोक्यात दोन उजवे," बाबा म्हणाले. "दोन्ही खोके एकाच गाडीतून आले असतील तर तो माणूस ह्याच शहरात असणार." त्यांनी लिहिलं, 'नाही. आमचे दोन्ही डावे आहेत. आपण कुठे राहता?' उत्तर आलं. शहर आमचंच. बाबांनी लगेच फोन नंबर लिहिला. साइटने तो पुसून त्याजागी चांदण्या टाकल्या, 'वैयक्तिक माहिती देऊ नये.' समोरच्यांनी त्यांचा दिला, त्याच्याही चांदण्या झाल्या. मग बाबांना सुचलं. त्यांनी लिहिलं, 'बसस्थानक. चौकशीच्या खिडकीसमोर. रविवारी सकाळी दहाला. माझ्या काखेत खुर्चीचा हात असेल.' हे काही साइटने पुसलं नाही.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. चौकशीच्या खिडकीला आता काच नव्हती, तिच्या जागी एक मोठा पडदा होता आणि त्यावर 'लवकरच सेवेत' अशी अक्षरं सरकत होती. बाबा त्याच्याकडे जरा वेळ बघत उभे राहिले. तेवढ्यात एका गृहस्थांनी येऊन त्यांनाच विचारलं, की अमुक गाडी कुठून सुटते, आणि बाबांनी काखेतला हात पुढे करून फलाट दाखवला. दुसऱ्या माणसालाही दाखवला. तिसऱ्या बाई आल्या त्यांना गाडी नको होती. त्यांच्याही काखेत खुर्चीचा हात होता.

त्या बेकरी चालवायच्या. कोपरांना पीठ तसंच होतं. "दिवसभर उभी असते, म्हटलं गल्ल्यामागे जरा बरी खुर्ची ठेवू," त्या म्हणाल्या. "त्या मैत्रिणीने माझ्याकडे डाव्याचा फोटो मागितला. मी शेवटी माझ्या स्वतःच्या डाव्या हाताचा काढून पाठवला."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाली, धन्यवाद, फोटो स्पष्ट आहे."

आम्ही फलाटावरच हात बदलले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बेकरीवाल्या बाईंनी बाबांना पावाचं एक गरम पुडकं दिलं आणि आम्ही घरी येऊन उजवा हात बसवला. तो चटकन बसला. बाबांनी त्यावर सगळा भार टाकून बघितला, मग मला टाकायला लावला. माझा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी आई आली. वॉकर टेकत टेकत, एक हात माझ्या खांद्यावर. खुर्चीकडे तिने संशयाने बघितलं, हात चाचपले, आणि बसली. "बसायला बरी आहे," म्हणाली. उठायचं नाव मात्र काढेना. "नंतर बघू," म्हणत तिने चहा घेतला, पाव खाल्ला, शेजारणींशी फोनवर बोलून झालं. दुपार झाली तरी ती खुर्चीतच. तिच्या डोळ्यांत भीती स्पष्ट दिसत होती, आणि आम्ही दोघं ती न दिसल्यासारखं करत होतो.

तेवढ्यात दारात एक पन्नाशीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. मनगटात चिकटपट्टीचं कडं, हातात फोन. "खुर्ची परत न्यायची आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत 'नोंद घेण्यात आली आहे' म्हटल्यावर खरोखर काही झाल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. "अहो, पण नोंद घेतली म्हणाले होते!" मी म्हटलं.

"हो ताई. म्हणूनच आलो," ते म्हणाले. बाबांच्या फोनवर आदल्या दिवशीच कळवलं होतं म्हणे. तो संदेश 'तुम्हाला या खुर्च्याही आवडतील'च्या ढिगाखाली गेला होता.

आई खुर्चीतून म्हणाली, "कसली खुर्ची?"

"हीच, काकू. कारण लिहिलंय, ग्राहकाचा विचार बदलला."

"मला न विचारता माझा विचार कोणी बदलला?" आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी लहान झाले. मी घाईघाईने फोनवर विनंती रद्द करायला गेले. मैत्रीण म्हणाली, 'मंजूर विनंती रद्द करता येत नाही. मंजुरीपूर्वी रद्द करण्यासाठी मंजुरीची वाट पाहा.'

"मी रिकाम्या हाताने गेलो तर मला कारण टाकावं लागतं," चिकटपट्टीवाले गृहस्थ म्हणाले.

"मग टाका की, ग्राहक खुर्चीत बसलेला आहे."

"तसा पर्याय नाही, ताई." त्यांनी फोन दाखवला. पत्ता सापडला नाही. कुत्रा आहे. दार बंद होते. "मी असं करतो, 'दार बंद होते' टाकतो. लागोपाठ तीन दिवस टाकलं की विनंती आपोआप मरते."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण बाबा मध्ये आले. "दार उघडं आहे."

"बाबा!"

"उघडं आहे ते आहे. मी दोन दिवस या दारात बसलो होतो आणि ते लिहीत होते, दार बंद. तेव्हा तू काय काय बोललीस? आता आपणच तेच लिहायचं?"

"मग बंद करा ना, काका," पट्टीवाले समजुतीने म्हणाले. "मी बाहेर उभा राहतो. मला अजून पुष्कळ घरं आहेत."

"बंद करू. पण आधी हिने सांगावं, परत न्या असं लिहिलंस आणि मला बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? तुम्ही त्या कुत्र्याला उत्तरं देत होता!"

"त्या उत्तरांमुळेच उजवा हात आला!"

"आणि संदेश कोणी वाचला नाही? खिडकी उघडून बसता ना रोज?"

आमचा आवाज चढत गेला. पट्टीवाले बाहेर सरकून, पुढचा दरवाजा कधी लागतो याची वाट बघत उभे होते. आणि मग मागून आवाज आला, "तुम्ही दोघं भांडत बसा. मी लावते दार."

वॉकरची टकटक झाली. आम्ही वळून बघितलं तर खुर्ची रिकामी होती. आई आमच्या दोघांच्या मधून, आम्हाला कोपराने बाजूला सारत, दाराशी पोहोचली. कधी उठली, कशी उठली, आम्ही पाहिलंच नाही. ज्याच्यासाठी इतके दिवस जिवाचं रान केलं, ते घडलं तेव्हा आम्ही एकमेकांवर ओरडत होतो.

"उद्या याच वेळेला या," तिने पट्टीवाल्यांना सांगितलं आणि दार लावलं.

बाहेरून आवाज आला, "बंद आहे, काका! अगदी घट्ट बंद आहे!"

आई परत येऊन खुर्चीत बसली. तिला धाप लागली होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. मला रडू फुटलं. बाबांचेही डोळे भरून आले होते, पण ते तडक टेबलाशी गेले, चष्मा लावला, आणि तो ठेवून दिलेला प्रश्न उघडला. बोट फोनवर धरून ते थांबले.

"अगं," ते आईला म्हणाले, "जरा परत उठून दाखव ना. मी पाहिलंच नाही. न बघता लिहू कसं?"

"मी काय तमाशा आहे? उद्या दार लावायचंय ना, तेव्हा बघा."

बाबांनी फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी पट्टीवाले आले, आई दोन्ही हातांवर जोर देऊन उठली आणि तिने त्यांच्या तोंडावर दार लावलं. या वेळी बाबा खुर्चीच्या अगदी समोर स्टूल टाकून बसले होते. दार लागल्यावर त्यांनी लिहिलं, 'नमस्कार. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. हो, एकट्याने उठता येतं. मी स्वतः पाहिलं.'